‘जमाव’ म्हटलं की गोळी सोपी होते



पोस्ट लांब आहे. नेटवर्क असेल तेव्हा उघडून ठेवा, सावकाश वाचा. पण पूर्ण वाचा आणि मग भांडा.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. ज्या माणसांची भक्ती सरकारला कळत नाही, त्यांना सरकार आधी एक नाव देतं. तिकडे अमेरिकेत ‘कल्ट’, आपल्याकडे ‘जमाव’. नाव चिकटलं की आतली म्हातारी, लेकुरवाळी, पोरंटोरं दिसेनाशी होतात, आणि मग गोळी सोपी होते. गोळीनंतर जे लिहून राहतं ते बहुतेक गोळी झाडणाऱ्याचंच असतं. आपल्याच जिल्ह्यात २ मार्च १९४३ ला रावलापाणीला हे झालं. आपण दरवर्षी तिथं हार घालतो, घोषणा देतो, वडापाव खाऊन घरी येतो. तो कागद कुठं आहे, हे मात्र जोर लावून विचारत नाही. माझं भांडण याच्याशी आहे.

हे आत्ता लिहायला निमित्त झालं एका अमेरिकन माहितीपटाचं. नाव ‘वेको: द रूल्स ऑफ एंगेजमेंट’. १९९७ चा आहे, विल्यम गझेकी नावाच्या दिग्दर्शकाचा. त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं. एका पोराने फोनमध्ये टाकून दिला, मी तीन रात्री तुकड्यातुकड्यांत बघितला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगतो.

टेक्सास राज्यातलं वेको शहर. त्याच्याबाहेर माळरानावर एका पंथाची वस्ती. ब्रँच डेव्हिडियन म्हणतात त्यांना. पुढारी डेव्हिड कोरेश. बायबलमधल्या शेवटच्या दिवसांचा अर्थ आपल्यालाच उलगडलाय, असं तो सांगायचा. वस्तीत बेकायदा हत्यारं आहेत असा सरकारला संशय होता. २८ फेब्रुवारी १९९३ ला हत्यारांचा तपास करणाऱ्या खात्याचे सशस्त्र लोक तिथं घुसायला गेले. गोळीबार झाला. चार सरकारी माणसं मेली, पंथाची सहा. मग एफबीआयने वेढा घातला तो ५१ दिवस. वीज तोडली. रात्रभर प्रखर दिवे मारले, भोंग्यांवर कर्कश आवाज वाजवले, त्यात मारल्या जाणाऱ्या सशांच्या किंकाळ्यासुद्धा. माणसं झोपू नयेत म्हणून. १९ एप्रिलला रणगाड्यासारख्या गाड्यांनी भिंती फोडून आत अश्रुधुराचा वायू सोडला. दुपारी आग लागली. ७६ माणसं गेली. त्यात वीसहून जास्त लेकरं.

लगेच एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कमेंटमध्ये सुरू व्हाल. कोरेश काही संत नव्हता. त्याच्यावर अल्पवयीन मुलींच्या शोषणाचे गंभीर आरोप होते आणि वस्तीत हत्यारांचा साठाही होता. त्याची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. आपल्या गुलाम महाराजांना, रामदास महाराजांना त्याच्या शेजारी बसवणं हा तर सरळ अपमान होईल. मी शेजारी ठेवतोय ती दोन सरकारं. त्यांची रीत.

माहितीपटात काय दिसतं बघा. वेढ्याच्या काळात आतल्या माणसांनी स्वतःचं चित्रीकरण करून बाहेर पाठवलं होतं. त्यात पोरं कॅमेऱ्यापुढे लाजतायत, बाया हसतायत. छाप्याच्या दिवशी आतून एकाने पोलिसांच्या आणीबाणीच्या नंबरला फोन लावला. आत बायका-मुलं आहेत, हे थांबवा, असं तो सांगत होता. ते ध्वनिमुद्रण आज जगाला ऐकता येतं. दुसरीकडे सरकारी बोलण्यात त्या घराला ‘घर’ कुणी म्हणत नव्हतं. ‘कंपाऊंड’ म्हणत होते. आपल्याकडे कंपाऊंड म्हणजे नुसती भिंत. तिकडेही तसंच झालं असावं. भिंत तेवढी डोळ्यांपुढे राहिली, आत राहणारे राहिले नाहीत. कोरेश फोनवर तासन्‌तास बायबल सांगायचा. वाटाघाटी करणाऱ्या साहेबांना ती बडबड वाटायची. धर्माचे दोन अभ्यासक पुढे आले. त्याच्या भाषेत त्याच्याशी बोललं तर तो बाहेर येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. कोरेशनेही कळवलं, मला सात मोहरांवरचं लिखाण पुरं करू द्या, मग येतो. तो खरंच आला असता का, ठाऊक नाही. पण सरकारचा धीर त्याआधीच संपला.

आता आपल्या डोंगरात या.

१९३७-३८ च्या सुमारास तळोद्याजवळच्या मोरवडला गुलाम महाराज नावाच्या भिल्ल माणसाने लोक जमवायला सुरुवात केली. कुणी त्यांना गुला महाराज म्हणतं. शिकवण काय होती? दारू सोडा. अंघोळ करा, घर-अंगण झाडा. चोरी, भांडण करू नका. एकत्र येऊन आरती करा. एकमेकांना भेटलात की ‘आप की जय’ म्हणा. बस एवढंच. बंदूक नाही, बॉम्ब नाही, कुणाची जमीन हिसकावणं नाही. लोक हजारोंनी चालत येऊ लागले, डोंगरातून, सपाटीवरून, गुजरातेतून.

मला त्या ‘आप’ शब्दाबद्दल बोलायचंय. आपल्या बापजाद्यांना सावकार काय म्हणायचा? ‘ए भिल्ल्या’. पाटील काय म्हणायचा, जंगलखात्याचा शिपाई काय म्हणायचा, ते मी इथं लिहीत नाही, घरात म्हाताऱ्यांना विचारा. आयुष्यभर अरे-तुरे ऐकलेल्या माणसाला दुसरा तसाच माणूस ‘आप’ म्हणतो. बाप लेकाला म्हणतो, नवरा बायकोला म्हणतो. माझ्या मते सरकारला दारूबंदीपेक्षा याची धास्ती जास्त वाटली असणार. दारू सोडली तर अबकारीचं उत्पन्न बुडतं, दारूवाल्याचं दुकान बसतं, सावकाराकडचा उधारीचा खातेउतारा थांबतो, हे खरंच. पण मान सरळ करून बोलणारा सालदार हा त्याहून मोठा प्रश्न असतो.

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. १९२२ च्या आसपास ‘देवी’ची चळवळ डहाणू-पालघरच्या बाजूने निघून सुरत, डांग, खानदेशापर्यंत पसरली. देवी अंगात यायची आणि सांगायची, दारू सोडा, ताडी सोडा, दारूवाल्याच्या कामाला जाऊ नका. त्याच्याही आधी राजस्थान-गुजरातच्या सीमेवर गोविंद गुरूंनी भिल्लांमध्ये धुणी पेटवली. तिथंही शिकवण तीच, दारू नको, वेठबिगार नको. १७ नोव्हेंबर १९१३ ला मानगढच्या डोंगरावर जमलेल्या त्या भगतांवर फौजेने गोळीबार केला. फौजेत मेवाड भिल्ल कोरचे शिपाई होते. म्हणजे भिल्लांवर भिल्लांकडूनच. किती मेले? लोक पंधराशे सांगतात, सरकारी कागद त्याहून फार कमी. शंभर वर्षं होऊन गेली तरी आकडा भांडतोच आहे. गोविंद गुरूंना शिक्षा झाली, काही वर्षांनी सुटले ते स्वतःच्या मुलखात न जाण्याच्या अटीवर. तो सगळा इतिहास साहेबांच्या दफ्तरात होता. तेव्हा मोरवडला गर्दी वाढायला लागली, तेव्हा साहेबाला आरती दिसलीच नसेल. त्याला दुसरं मानगढ दिसलं असेल.

गुलाम महाराज १९३८ मध्येच गेले. काम भावाने, रामदास महाराजांनी पुढे नेलं. सरकारने काय केलं? एकत्र जमायला बंदी घातली. महाराजांवर जिल्ह्याबाहेर जाण्याचा हुकूम बजावला. आता नीट लक्ष द्या. आरतीला बंदी घातली नाही. कुठलंही सरकार असं वेड्यासारखं लिहीत नाही. बंदी ‘जमण्या’वर घातली. पण ज्या पंथात एकत्र येणं हीच पूजा आहे, तिथं जमावबंदी म्हणजे धर्मबंदीच. हुकूम निघाला त्या क्षणाला हजारो माणसं काहीही न करता गुन्हेगार झाली. काल करत होती तेच आज केलं, एवढाच गुन्हा.

मग १९४३ उजाडलं. काळ कसला होता ते आठवा. महायुद्ध चालू, ‘चले जाव’ पेटलेलं, पुढारी तुरुंगात. याच नंदुरबारात ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार आणि त्याचे चार सवंगडी पोलिसांच्या गोळीने गेले. त्याला सहा महिनेही झाले नव्हते. होळीचे दिवस जवळ आलेले. रामदास महाराज आणि त्यांचे अनुयायी तळोदा तालुक्यात रावलापाणीच्या डोंगरात होते. २ मार्चला सशस्त्र तुकडीने त्यांना तिथं गाठलं आणि गोळ्या घातल्या. पंधरा जण गेले, असं आपण दरवर्षीच्या श्रद्धांजलीत म्हणतो. जखमी किती, पकडले किती, पळताना डोंगरात कोण कुठं पडलं, हे ज्याच्या त्याच्या घरातल्या गोष्टीत आहे. नाल्यातल्या खडकांवर गोळ्यांच्या खुणा म्हणून लोक आजही जागा दाखवतात.

आता मला उत्तर द्या. शिरीषकुमारचं नाव जिल्ह्यातल्या कुठल्याही पोराला विचारा, सांगेल. शहरात त्याचं स्मारक आहे, पुस्तकात धडा आहे. असायलाच हवा. पंधरा वर्षांचा पोरगा झेंडा घेऊन गोळीपुढे उभा राहिला, त्याच्यापुढे मान झुकलीच पाहिजे. त्याचं काही कमी करा असं मी म्हणत नाही. पण सहा महिन्यांच्या आत, त्याच जिल्ह्यात, त्याच सरकारच्या गोळीने पंधरा माणसं पडली. त्यांची नावं सांगा. मोलगीच्या बाजारात उभं राहून विचारा. आश्रमशाळेतल्या दहावीच्या वर्गात विचारा. मी विचारून बघितलंय. मानगढ माहीत असतं, कारण २०२२ मध्ये पंतप्रधान तिथं आले होते, टीव्हीवर दिसलं. रावलापाणी माहीत नसतं.

हा फरक का पडला? माझ्या मते तो फरक त्या दोन नावांचा आहे. शिरीषकुमारच्या मिरवणुकीला लोकांनी ‘मोर्चा’ म्हटलं, ‘सत्याग्रह’ म्हटलं. हातात तिरंगा होता, पाठीशी काँग्रेस होती, लिहिणारे होते, वाचणारे होते. रावलापाणीच्या माणसांच्या हातात टाळ आणि आरती. पाठीशी डोंगर. लिहिता येणारा कुणी नाही. त्यामुळे सरकारने ‘जमाव’ म्हटलं आणि तोच शब्द टिकला. आपल्यातल्या शिकलेल्यांनीसुद्धा बरीच वर्षं तोच धरला. ‘बुवाच्या नादी लागलेले अडाणी लोक’ असं मी स्वतःच्या कानांनी एका शिकलेल्या माणसाकडून ऐकलंय. नाव घेत नाही, गरज नाही.

आता सध्याच्या राजकारणाकडे येतो. इथं सगळे माझ्यावर चिडणार आहेत, चिडा.

एक गट म्हणतो, महाराज हिंदू संत होते, आरती करायचे, दारू-मांस सोडायला सांगायचे, म्हणजे आदिवासी हिंदूच. दुसरा गट म्हणतो, दारू-मांस सोडायला लावणं म्हणजे आमची संस्कृती तोडणं, आदिवासींचा धर्म वेगळा, हे महाराज आमचे नव्हेतच. तिसरा म्हणतो, ते स्वातंत्र्यसैनिक होते, बाकी सगळं सोडा. तिघेही २ मार्चला बॅनर लावतात. बॅनरवर महाराजांचा फोटो इवलासा आणि साहेबांचा हा एवढा मोठा.

मी आप परिवारातला नाही. आमच्या घरात आजही देवाला मोहाची धार पडते आणि काठीच्या राजवाडी होळीला मी दरवर्षी जातो. महाराजांनी दारू सोडा सांगितलं, ते मला अर्धंच पटतं. मोहाची पूजेची दारू आणि गुत्त्यावरची दारू यात मी फरक करतो. पण माझं पटणं-न पटणं याचा गोळीशी संबंध काय? जे मला पटत नाही ते करायला जमलेल्या माणसांवर सरकारने गोळ्या घालाव्यात का, हा प्रश्न आहे. महाराज कुणाचे, यावर आपण ऐंशी वर्षं भांडू शकतो. गोळीचा हुकूम कुणाचा, हे कुणीच विचारत नाही. हुकूम देणाऱ्याला याहून सोयीचं काय असणार?

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकून घेऊ. कुणी म्हणेल, ‘म्हणजे सरकारने बघत बसायचं का? बुवाबाजी वाढू द्यायची?’ अजिबात नाही. आपल्याच डोंगरात बाईला डाकीण ठरवून मारतात. तिथं पोलीस गेलेच पाहिजेत, उशीर न करता गेले पाहिजेत. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या रक्ताच्या किमतीवर आला, तो आणखी कडक राबवा. मथुरेत २०१६ च्या जून महिन्यात जवाहर बाग नावाचं सरकारी उद्यान एका पंथासारख्या टोळीने बळकावलं होतं. ते खाली करायला गेलेल्या दोन पोलीस अधिकाऱ्यांना जीव गमवावा लागला आणि मग वीसहून अधिक माणसं मेली. वर्दीतल्या माणसालाही बायको-पोरं असतात, हे मला समजतं. वेकोतसुद्धा पहिले चार सरकारीच मेले होते.

पण कायद्याची साधी गोष्ट आहे. गुन्हा माणूस करतो, जमाव करत नाही. अमुक माणसाने अमुक दिवशी अमुक केलं, असं लिहा, त्याला पकडा, कोर्टात उभा करा. कोरेश शहरात कधी जायचा, धावायला कधी निघायचा, एकट्याला पकडता आलं असतं का, हा प्रश्न नंतर अमेरिकेत खूप गाजला. रामदास महाराजांवर हद्दपारीचा हुकूम होता, तर हुकूम एका माणसावर होता. गोळ्या पंधरा जणांना का लागल्या? नाव एकाचं आणि शिक्षा सगळ्या डोंगराला, हे कुठल्या कायद्यात बसतं?

आणि हे काही इंग्रजांबरोबर बोटीत बसून गेलेलं नाही. वर्तमानपत्रात कोपऱ्यात छापून येतं ते वाचत जा. ‘जिल्ह्यात कलम ३७(१)(३) अन्वये जमावबंदी.’ सण आला, निवडणूक आली, मोर्चा निघणार असला की हुकूम तयार असतो. पाच किंवा जास्त माणसं जमली की जमाव. मोलगीत लग्नाची हळद असली तरी पाचशे माणूस जमतं! हुकूम सगळ्यांना कधीच लावत नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. पाहिजे तेव्हा, पाहिजे त्यांना लावतात. तडीपारी हा शब्दही तसाच टिकलाय. कायद्याचं पुस्तक बदललं, १९५१ चं नवं आलं, पण रामदास महाराजांवर बजावलेल्या कागदाचा नातू आजही जिवंत आहे. कालचा हुकूम तपासायचा तो यासाठी. तो तपासल्याशिवाय आजच्या हुकमाला काय विचारायचं ते आपल्याला कळणार नाही.

परत वेकोकडे येतो, कारण मला खरी असूया तिथंच वाटली.

त्या घटनेनंतर दोन वर्षांनी, १९९५ मध्ये, अमेरिकेच्या संसदेत समित्यांपुढे उघड सुनावण्या झाल्या. साहेब लोक खुर्चीवर बसून उत्तरं देत होते, टीव्हीवर थेट. वाटाघाटींची ध्वनिमुद्रणं बाहेर आली. विमानातून उष्णतेवर टिपलेली चित्रं बाहेर आली. हा माहितीपट याच सरकारी कागदांवर आणि फितींवर उभा आहे. त्याने म्हटलं, त्या चित्रांत चमकणारे ठिपके म्हणजे बाहेरून झाडलेल्या गोळ्या आहेत. पुढे सरकारने नेमलेल्या विशेष वकिलाने, जॉन डॅनफोर्थ यांनी, २००० मध्ये निष्कर्ष काढला की त्या दिवशी सरकारी माणसांनी गोळ्या झाडल्या नाहीत आणि आग आतल्यांनीच लावली. म्हणजे माहितीपटाचा सगळ्यात मोठा आरोप चौकशीत टिकला नाही. हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

पण त्या रेट्यातून एक गोष्ट घडली. १९९९ मध्ये, सहा वर्षांनी, एफबीआयला कबूल करावं लागलं की त्या सकाळी आग पकडू शकतील अशी अश्रुधुराची नळकांडी वापरली गेली होती. तोवर नाही, नाही म्हणत होते. त्या नळकांड्यांनी आग लागली नाही असं चौकशीने म्हटलं, ठीक आहे. पण खोटं पकडलं गेलं की नाही? माहितीपटवाले, वकील, वाचलेली माणसं, सगळ्यांनी सतत विचारत राहिल्यामुळे पकडलं गेलं. प्रश्न विचारणारा काही ठिकाणी चुकला तरी चालतं. विचारणारा नसला तर काहीच बाहेर येत नाही.

आपल्याकडे विचारणारे कोण? वेकोच्या वेळी कॅमेरे होते. रावलापाणीला फक्त डोळे होते. त्या दिवशी जे पोरगं दहा वर्षांचं होतं ते आज असलंच तर नव्वदीच्या पार आहे. डोळ्याला दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही. पुढच्या २ मार्चला त्यांच्यातले किती उरतील? प्रत्येक पावसाळ्यात एक-दोन घरं रिकामी होतात. ज्यांनी प्रत्यक्ष बघितलं ते गेले की उरेल फक्त ज्यांनी गोळी झाडली त्यांचा अहवाल. तो अहवाल काय म्हणेल हे मला न वाचताही सांगता येतं, कारण असे सगळे अहवाल एकच वाक्य लिहितात. ‘जमाव हिंसक झाल्याने नाइलाजाने गोळीबार करावा लागला.’

म्हणून माझं म्हणणं असं, आणि हे सगळ्या पक्षांना आहे.

हद्दपारीचा हुकूम निघाला की कागद होतो. जमावबंदी लावली की कागद होतो. फौज हलली, काडतूस सुटलं, माणूस मेला, प्रत्येकाचा कागद होतो. इंग्रज सरकार तर कागदाशिवाय पाणी पीत नव्हतं. तेव्हा आपण पश्चिम खानदेशात होतो, कचेरी धुळ्याला. वरचा कारभार मुंबईला, गृह खात्यात. त्या खात्याच्या विशेष शाखेच्या फाईली राज्याच्या पुराभिलेखागारात ठेवलेल्या असतात. आपल्या आमदार-खासदारांनी, कुठल्याही पक्षाच्या, एक पत्र द्यावं: मोरवड, रामदास महाराज, रावलापाणी, १९३७ ते १९४३, जे असेल ते शोधा, प्रत काढा आणि जिल्ह्याच्या वाचनालयात ठेवा. मराठीत भाषांतर करून ठेवा. बॅनरच्या खर्चात होईल.

दुसरं, माणसं. पुण्याची आदिवासी संशोधन संस्था आहे, जळगावचं विद्यापीठ आहे, जिल्ह्यात महाविद्यालयं आहेत, आणि आपली पोरं तर रोज रील काढतात. त्याच फोनवर म्हाताऱ्यांना बोलतं करा. भिलोरीत, पावरीत, मावचीत, त्यांच्या भाषेत. आपण मराठीत विचारलं तर ते मराठीत जेवढं येतं तेवढंच सांगतील. आणि मध्ये बोलू नका. ‘तेव्हा देशभक्ती कशी वाटली, आजी?’ असलं विचारू नका. तिला काय वाटलं ते तिला सांगू द्या. भीती वाटली म्हणाली तर भीती लिहा. महाराजांवर राग होता म्हणाली तर तेही ठेवा.

तिसरं, यातून एक नीट माहितीपट होऊ द्या. आरत्यांवर ढोल लावून, मागे सूर्य उगवताना दाखवून केलेला श्रद्धांजलीपट नको, तसले खूप झाले. हुकूम कुणी काढला, कुणी बजावला, कुणी झाडली, किती गेले, नंतर काय चौकशी झाली, हे एकेक करून विचारणारा हवा. त्यात सरकारी बाजूचा कागदही दाखवा. खरं असेल ते टिकेल.

आणि पंधराच्या पंधरा नावं दगडावर कोरा, गावासकट, वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत. सोळावं सापडलं तर जागा राहू द्या.

एक शेवटची गोष्ट, ज्यांना अजूनही हे ‘बुवाच्या नादी लागलेल्यां’चं वाटतं त्यांच्यासाठी. १९७०च्या सुमारास शहादा-तळोद्यात जी चळवळ उभी राहिली, जमिनी सोडवल्या, सालदारांना मजुरी वाढवून मागितली, ती कुणी सुरू केली? अंबरसिंग सुरतवंतींनी. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणायचे, कारण तेही भजनं म्हणत गावोगाव फिरायचे. पुढे शहाद्याच्या बाया घराघरातून निघून दारूची मडकी फोडत गेल्या, ते सगळ्या महाराष्ट्राने वाचलं, त्यावर पुस्तकं लिहिली गेली. त्या मडक्यांवर पहिली काठी गुलाम महाराजांच्या आरतीने मारली होती. सरकारने ज्याला जमाव म्हटलं, त्याच जमावाने पुढे आपल्याला सरळ उभं राहून बोलायला शिकवलं. मी आज ही पोस्ट लिहितोय आणि कुणी मला ‘ए’ म्हणत नाही, यात त्या ‘आप’चा वाटा आहे.

ज्यांच्या घरात रावलापाणीची गोष्ट आहे, आजोबाची, पणजीची, कुणाचीही, त्यांनी कमेंटमध्ये फक्त गाव लिहा. नाव, नंबर लिहू नका. पुढचं मी आणि दोन-चार पोरं घरी येऊन बघतो. फोन चार्ज करून आणू.

आप की जय. जोहार.